एका दिवसाचा एकच लॉट

"क्रशर परत घे," म्हणत मास्तरांनी ते हिरवं प्लास्टिकचं डबडं माझ्या काउंटरवर ठेवलं, तेव्हा ते विकत नेऊन त्यांना अर्धा तासही झाला नव्हता. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मास्तरांना गिऱ्हाइकं दिसत नसत.

"मेडिकल, हाई काय दिधं तू माले?"

सुरतच्या उधन्यात एका औषधाच्या दुकानात मी काउंटर सांभाळते, म्हणून मी 'मेडिकल'. माझा नवरा विम्याचं काम करतो, तो 'विमा'. शेजारच्या शिक्षिका 'शाळा'. नावं त्यांना सगळ्यांची ठाऊक होती, पण ती वापरणं त्यांना फिजूल वाटायचं.

"काय झालं मास्तर? गोळी फुटत नाही का?"

"फुटस. पण यामा चिकटी राहस." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि उलगडली. "गोळी टाकली तेव्हा तोलली. भुकटी निघाली ती तोलली. दोन्ही जमत नाहीत. मधलं औषध कुठे गेलं? या खाचांमधी. मग माझी बायको काय खाई राहिली? गोळी, का गोळीचा बराचसा भाग?"

सोनाराकडे असतो तसा नाजूक काटा त्यांच्याकडे होता. मिलमधून निवृत्त होताना शाल-नारळ नको म्हणून त्यांनी तो मागून घेतला होता.

उघडलेली वस्तू आम्ही परत घेत नाही. तरी मी घेतली. ते आमचे घरमालक होते हे एक कारण. दुसरं म्हणजे त्यांच्यासमोर मी स्वतः एक गोळी त्यात टाकून झाकण पिळलं आणि पाहिलं, तर खरंच खाचांमध्ये पांढरं अडकलं होतं. तोवर तसले कितीतरी क्रशर मी विकले होते आणि एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. पलसाण्याच्या हायवेला साड्या छापणारी एक मिल होती, तिथे ते कलरमास्तर होते. रंग जिथे घोटतात त्या जागेला मिलमध्ये कलर किचन म्हणतात. तिथे तीस वर्षं काढलेला माणूस घरच्या किचनमध्ये आला की काय करतो, ते मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहून पाहिलं. चहाचा कप हातात आला की ते तो घेऊन दारात जात, उजेडात धरत, आणि मग सांगत, "कालपेक्षा एक पॉइंट लाल." बल्बच्या उजेडावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्या मुलीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी दुकानदाराला अकरा साड्या रस्त्यावर आणायला लावल्या होत्या. दुकानदार गुजरातीत त्यांना काय काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. साडी मात्र चांगली निघाली.

कपडे कायम पांढरे. "डोळ्याला पांढरं कशाला म्हणतात ते रोज सांगावं लागतं, नाहीतर डोळा बिघडतो." नखांच्या कडेला निळी रेघ होती, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. जेवायच्या आधी हात तीनदा धूत. आणि काम चालू असताना काहीही तोंडात घालायचं नाही. सुपारीसुद्धा नाही. किचनमध्ये जीभ बंद, हा त्यांचा नियम होता. रंगात नाना केमिकल असतात, त्यामुळे मिलमध्ये तो बरोबरच होता.

मला त्यांचा लळा होता असं कोणी समजू नये. घरात कोणी चुकीचा नळ सोडला तरी खालून आवाज यायचा. पण काम नीट करणारा माणूस मला कळतो, आणि ते काम नीट करत.

त्यांच्या बायकोला सगळे जिजी म्हणत. मास्तर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत जिजींना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं एकेका शब्दावर आलं आणि गिळणं अवघड झालं. घट्ट पदार्थ हळूहळू जाई. नुसतं पाणी दिलं की ठसका लागे. बीपीची आणि साखरेची गोळी तर घशाशी अडकून बसायची. एकदा अशी अडकली की त्यांचे ओठ काळेनिळे पडले. मी आणि मास्तरांनी त्यांना पुढे वाकवून पाठीत थापा मारल्या तेव्हा ती बाहेर पडली. त्या दिवशी मी क्रशर विकला, आणि तो परत आला.

डॉक्टरांनी तेव्हाच नाकातून नळी घालायचा विषय काढला होता. नळीतून जेवण, नळीतून औषध, अडकायची भीती नाही. मास्तर नाही म्हणाले. त्याचं कारण मला माहीत होतं. जिजींचे थोरले भाऊ नंदुरबारला कित्येक महिने नळी लावून पडले होते. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात खाटेला बांधत. जिजी त्यांच्याजवळ राहून आल्या होत्या. परत आल्यावर गच्चीत पापड वाळत घालताना त्या मास्तरांना म्हणाल्या, "माले आसं नका ठेवज्यात." मी तिथेच होते. मास्तर "बरं" म्हणाले होते. त्यांच्या लेखी 'बरं' म्हणजे काम घेतलं.

मग मास्तरांनी स्वतःचा क्रशर बनवला. जवळच्या सचिन गावातल्या एका लेथवाल्याच्या मागे लागून स्टीलची कांडी कापून घेतली. अंगठ्याएवढं नळकांडं, आत दातेरी तबकडी, वर स्क्रूची मूठ. खाली आटे पाडलेला छोटा पेला, आणि मध्ये छपाईच्या स्क्रीनची बारीक जाळी. जाळीवर जे राहील ते परत दात्यांखाली जायचं. सगळं मिळून सदऱ्याच्या खिशात बसेल एवढं. लेथवाल्याने चौथ्या वेळी हात जोडले, "काका, तमे बीजे जाव." मास्तर दुसरीकडे गेले नाहीत. सातव्या वेळी काट्यावर गोळी आणि भुकटी जुळली, तेव्हा त्यांनी लेथवाल्याला पेढे दिले आणि मूठ आणखी जरा गोल कर म्हणून सांगितलं.

तो क्रशर घेऊन त्यांनी जिजींना सगळीकडे नेलं. स्टेशनच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, देवीच्या दर्शनाच्या रांगेत ते खिशातून काढत, मूठ फिरवत, पेल्यात पाण्याचे थेंब सोडत आणि बघ्यांना भाषण देत. "भुकटी एकदम पाण्यात टाकायची नाही. आधी दोन थेंब. पेस्ट करायची. मग पाणी. नाहीतर गाठी होतात, गाठ म्हणजे डाग." ऐकणाऱ्याला डाग कशाचा ते कळायचं नाही. दोघाचौघांनी माझ्याकडे येऊन 'ते काकांवालं मशीन' मागितलंही.

आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. एक नवीन गोळी डॉक्टरांनी दिली होती, ती फोडायची नव्हती. अशा गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून मुद्दाम तशा बनवलेल्या असतात. फोडली तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. मास्तर ती क्रशरमध्ये टाकत होते. मी जिन्यातून पाहिलं आणि खाली जाऊन हात धरला.

"फोडायची नाही ही."

"का? माझी चक्की काहीही फोडस."

"चक्कीचं नाही बोलत मी. ही फुटली तर जिजी दवाखान्यात जातील. चिठ्ठीवर लिहून घ्या, कुठली फोडायची आणि कुठली नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नवी गोळी यात जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या किचनमध्ये चप्पल घालून शिरले होते. पण दुसऱ्या दिवशी ते स्वतः डॉक्टरांकडे जाऊन ती गोळी बदलून आले, आणि पाकिटांवर लाल-हिरव्या खुणा केल्या. समजलेली गोष्ट ते पुन्हा चुकत नसत. म्हणूनच पुढचं जे झालं ते माझ्या इतके दिवस लक्षात आलं नाही. हा माणूस या कामात चुकेल असं मला वाटलंच नाही.

थंडी संपता संपता जिजी बिघडायला लागल्या. सकाळी बीपी वर, साखर वर. संध्याकाळी मात्र अंग गळालेलं, हात गार, हाक मारली तरी उशिरा वळणार. मास्तर रोज आकडे लिहीत. आणि आणखी एक झालं. संध्याकाळचं औषध आलं की जिजी दाताला दात लावून बसायच्या. सकाळी घ्यायच्या, दुपारी घ्यायच्या, संध्याकाळी नाही.

"हट्टी शे," मास्तर म्हणायचे. "दिवसभर शहाणी, आणि सहा वाजले का लहान पोर."

डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि सरळ सांगितलं. औषध कधी पोटात जातं, कधी जात नाही, असं दिसतंय. बाई तोंड मिटून घेतात. एखाद दिवशी औषध श्वासनळीत जाईल. गुरुवारपर्यंत फरक दिसला नाही तर भरती करू आणि नळी घालू.

मास्तर घरी आले आणि त्यांनी क्रशर सुटा करून दातेरी तबकडी उन्हात धरली. झिजलेली नव्हती. काटा तपासला. तोही बरोबर होता. मग ते ओट्याला टेकून उभे राहिले. मी त्यांना इतका वेळ रिकाम्या हातांनी कधी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी माझं दुकान बंद असतं. मी सकाळीच खाली गेले आणि म्हटलं, आज दिवसभर मी बसते, तुम्ही नेहमीसारखं करा.

त्यांनी दिवसभराच्या सगळ्या गोळ्या काढल्या. सकाळच्या, दुपारच्या, संध्याकाळच्या.

"एकदम?"

"एका दिवसाचा एकच लॉट," मास्तर म्हणाले. "तीनदा घोटलं तर तीन शेड येतील. एकदा घोटायचं, तीन भाग करायचे. तिन्ही टाइमला मालात फरक नाही." ही रीत त्यांनी या थंडीतच धरली होती. जिजींच्या गोळ्या तिन्ही वेळच्या जवळजवळ सारख्याच होत्या, म्हणून तीन समान भाग. डॉक्टरांना हे सांगितलं होतं का, असं मी विचारलं. "डॉक्टरला किचनमधलं काय समजस?"

भुकटी जाळीतून उतरली, पेस्ट झाली, पाणी पडलं, आणि सगळं एका झाकणाच्या, बुटक्या, रुंद तोंडाच्या स्टीलच्या बाटलीत गेलं. बाटली त्यांनी फळीवर ठेवली. वेळ झाली की ती अलगद उचलून तिसरा हिस्सा साबुदाण्याच्या घट्ट कांजीत ओतायचा आणि चमच्याने भरवायचा. पातळ माल आधी, घट्टपणा शेवटी, ही छपाईची रीत. बाटली जराही हिंदकळू द्यायची नाही. हिंदकळली की फेस येतो. मिलमध्ये फेसाचा कापडावर ठिपका उमटतो, इथे फेसाने ठसका लागेल.

मी हे सगळं समोर बसून पाहिलं. मला काही खटकलं नाही.

सकाळची कांजी जिजींनी शांतपणे घेतली. दुपारचीही. सहाला मास्तर पेला घेऊन आले आणि जिजींनी ओठ आत ओढून घेतले.

"घे ना वं. तोंड उघाड."

जिजींनी मानेनेच नाही म्हटलं. मास्तर चमचा ओठांना टेकवून उभे. जिजींनी डाव्या हाताने चमचा ढकलला, कांजी पदरावर सांडली. मास्तरांचा आवाज चढला. "परवा नळी घालतील! नळी पाहिजे का तुले?"

मीही गप्प बसले नाही. "जिजी, असं करू नका, घ्या," म्हणत मी त्यांचा हात धरला, आणि मास्तरांनी गाल दाबून चमचा आत घातला. एक, दोन, तीन. जिजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, झालं एकदाचं.

तासाभराने त्यांच्या कपाळावर घाम आला. पंखा चालू होता. हात बर्फासारखे. "थकली," मास्तर म्हणाले. मी वर धावत जाऊन साखर मोजायचं मशीन आणलं. आकडा इतका खाली होता की मी दुसरी पट्टी लावून पुन्हा पाहिला. मग त्यांना कुशीवर वळवलं आणि मध बोटाने हिरड्यांना चोळला. थोडा थोडा. एका हातात फोन, त्यावर डॉक्टर. दहा मिनिटं थांबा, वर आली नाही तर उचलून आणा. मास्तर पायाशी उभे राहून भिंतीवरचं घड्याळ बघत होते, आणि दर मिनिटाला मला विचारत होते, "साखर वर व्हयनी का?" मी मध चोळत राहिले. दहा मिनिटांनी आकडा वर सरकला. पुढच्या पंधरात जिजींनी डोळे उघडले.

"बस झालं आता," डॉक्टर फोनवर म्हणाले. "परवा सकाळी भरती."

मास्तर जिजींजवळ बसले. मी स्वयंपाकघरात भांडी उचलायला गेले. औषधाची बाटली घासायला घेतली आणि आत बोट फिरवलं. तळाला पांढरा, पिठासारखा थर. पेल्याला लागलेली संध्याकाळची कांजी मी जिभेला लावली. तोंड कडूजहर झालं. सकाळच्या पेल्यातलं एक बोट मी सहज चाखलं होतं, साबुदाणा उकळताना मीठ बघावं तसं. ती नुसती कांजी होती. अळणी.

मी बाटली घेऊन बाहेर आले.

"मास्तर, औषध खाली बसतंय. सकाळी जिजींना वरचं पाणी मिळतं, आणि संध्याकाळी सगळ्या दिवसाचं औषध एकदम."

"काहीतरी बोलू नको."

"हे बघा तळाला."

"तळाला थोडं राहसच! तीस वर्षं ड्रममधी रंग ठेवले मी. सकाळी भरलेला रंग संध्याकाळी तोच छापला. एक साडी परत आली नाही. तुले काय समजस रंगनं?"

"तुमच्या ड्रममध्ये पंखा फिरत होता ना? दिवसभर?"

"मग? तो फिरतोच."

"इथे कोण फिरवतंय?"

मिलमधला तो ढवळणारा पंखा त्यांनी कधी चालू केला नव्हता आणि कधी बंद केला नव्हता. तो भिंतीसारखा तिथे होता. त्यांच्या कामात तो मोजलेलाच नव्हता. पण हे मी आता लिहितेय. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की मास्तर उठले आणि त्यांनी माझ्या हातातून बाटली काढून घेतली. "वर जा," म्हणाले. मी गेले.

बुधवारी सकाळी खाली उतरले तर ते ओसरीत उकिडवे बसले होते. समोर छत्रीचं काळं कापड फाडून ताणून टाकलेलं. जादा पाकिटातल्या गोळ्या घोटून त्यांनी रात्रीच एक चाचणीचा लॉट लावून ठेवला होता, आणि पहाटे उठून वरचं, मधलं आणि तळाचं पाणी कापडावर थेंब थेंब सोडलं होतं. आता ते वाळलं होतं. पहिल्या थेंबाच्या जागी काही नव्हतं. दुसऱ्या जागी पुसट धुकं. तिसऱ्या जागी खडूने गिरवल्यासारखा जाड गोल.

"पांढरं होतं ना सगळं," मास्तर म्हणाले. "पांढऱ्या मालात शेड दिसत नाही."

मग त्यांनी तिसऱ्या डागावर बोट घासलं आणि ते जिभेला लावलं. त्यांना कामाची वस्तू तोंडात घालताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचा चेहरा आक्रसला. ते थुंकले नाहीत.

"रोज सांगत होती ती माले," म्हणाले.

मी म्हटलं, "आता बसून उपयोग नाही. दर वेळी ताजं करा. त्या वेळच्या गोळ्या, ताबडतोब कांजीत. मी डॉक्टरांना फोन करते." मी केलाही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, थोडे रागावले, आजपासून तसंच द्या म्हणाले. पण गुरुवार त्यांनी हलवला नाही. बाई तोंडाने घेतात हे मला दिसलं पाहिजे, म्हणाले.

आणि बुधवारी जिजींनी तोंड उघडलंच नाही.

सकाळी नाही, दुपारी नाही. मास्तरांच्या हातून नाही. मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आले, माझ्याही हातून नाही. मीसुद्धा त्यांचा हात धरला होता, ते त्या विसरल्या नव्हत्या. नुसती कांजी, जिच्यात काही नाही अशी, तीही बघून बघून घेतली. संध्याकाळी बीपी चढलं. मास्तर पेला पुढे धरत, त्या भिंतीकडे वळत. या वेळी ते ओरडले नाहीत. गालाला हातही लावला नाही. पेला घेऊन परत जात, औषध ओतून देत आणि पुढच्या वेळेला नवं घोटत.

गुरुवारी मी अर्धी सुट्टी टाकली. दवाखान्यात टेबलावर ट्रे तयार होता आणि त्यात ती नळी, गुंडाळलेली, पिशवीत बंद. जिजींनी चाकाच्या खुर्चीतून ती पाहिली. डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट.

"डॉक्टर, पाच मिनिटं," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. बाहेर रांग होती. "पाचच."

मास्तरांनी खिशातून क्रशर काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. सकाळच्या गोळ्या टाकल्या. मूठ फिरवली. जाळी, दोन थेंब, पेस्ट, पाणी, आणि डब्यातली कांजी. सगळं जिजींच्या समोर, त्यांना दिसेल असं. चमचा भरला. पुढे केला नाही.

"मना लॉट खराब व्हता," ते जिजींना म्हणाले. "तू सांगी राहिंती. मी आयकं नही."

तीस वर्षांत मिलमधल्या कोणी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नसेल. खराब लॉट दुसऱ्यांचे असत.

जिजी त्यांच्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी पेन उचललं, ठेवलं. मास्तर चमचा धरून वाकलेले, कांजीचा थेंब चमच्याच्या टोकाशी लोंबतोय, तो पडला तर काय असं मला उगाच वाटलं. मग जिजींनी तोंड उघडलं. थोडं, वाकडं, जेवढं त्यांचं उघडायचं तेवढं.

चमचा आत गेला. त्यांनी तो घास तोंडात ठेवला. डॉक्टर उठून जवळ आले आणि त्यांनी दोन बोटं जिजींच्या गळ्याला लावली. आम्ही तिघं त्या गळ्याकडे बघत होतो. तो हलत नव्हता. मग हलला. ठसका नाही.

"दुसरा," डॉक्टर म्हणाले.

दुसरा गेला. तिसऱ्याला वेळ लागला, पण गेला. डॉक्टरांनी जिजींना "आ" करायला लावून आत टॉर्च मारला, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

"पंधरा दिवस बघू. रोज सकाळ-संध्याकाळ आकडे. आणि काका, डॉक्टरला किचनमधलंसुद्धा सांगायचं."

मास्तरांनी मान हलवली. वाद घातला नाही, हेही मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

रिक्षात जिजी मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. उधना दरवाज्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा जिजींनी जीभ टाळूला लावली, तोंड वेडंवाकडं केलं आणि दोन दिवसांत पहिला शब्द बोलल्या.

"कडू."

मास्तर एकदम पुढे झुकले. "काय? कडू लागनं? सकायनं बी कडू लागनं?"

"कडू," जिजी म्हणाल्या.

"कडू लागनं ना! ऐकलंस का मेडिकल, सकाळचं कडू लागलं तिला!" त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "सवारनी दवा पण कडवी लागी!"

"शुं थयुं काका?" ड्रायव्हर घाबरून मागे वळला.

"कडवी लागी!"

"सारुं, सारुं," ड्रायव्हर म्हणाला आणि सिग्नल सुटल्यावर गिअर टाकला. जिजींनी दोघांकडे रागाने पाहिलं, माझ्याकडे मान वळवली आणि जरा मोठ्याने, मला तरी कळावं म्हणून, पुन्हा म्हणाल्या, "कडू."